पीच कॉबलर: वरून सोनेरी, आतून कच्चं... असं का होतं?

रीलमध्ये सगळं सोपं दिसतं. काचेच्या भांड्यात पीचच्या फोडी, त्यावर पिठाचे गोळे, ओव्हनचं दार बंद. पुढच्याच सेकंदाला वर सोनेरी कवच, कडेने बुडबुडणारा केशरी रस आणि त्यावर वितळत चाललेलं व्हॅनिला आइस्क्रीम. खाली कमेंटमध्ये शंभर जणांनी 'रेसिपी प्लीज' लिहिलेलं.

मग एखाद्या रविवारी आपण ते घरी करून पाहतो. चाळीस मिनिटांनी वरचा थर छान तांबूस झालेला असतो. घरचे गोळा होतात, चमचा आत जातो आणि कवचाखालून निघतो पांढरा, चिकट, अर्धकच्चा गोळा. त्याच्याही खाली पाणी. किलोभर पीच, पाव पाकीट बटर आणि अख्खी दुपार त्या भांड्यात गेलेली असते. मुलं वरचं खरपूस तेवढं खाऊन उठतात.

मंडळी, यात तुमच्या हाताचा दोष कमी आणि रीलमध्ये न सांगितलेल्या एका पायरीचा जास्त आहे. ती पायरी कोणती आणि ती का लागते, हे समजून घ्यायचं तर आधी कॉबलर हा पदार्थ नक्की आहे काय ते बघू.

पाय नाही, केक नाही, मग कॉबलर म्हणजे काय?

कॉबलर हा अस्सल अमेरिकन घरगुती पदार्थ. खाली साखरेत घोळलेलं ताजं फळ, वर पिठाचा जाड, ओबडधोबड थर आणि सगळं एकाच भांड्यात भाजलेलं. पायला लागतं तसं पारी लाटणं, ती भांड्यात नीट बसवणं, कडा दुमडणं यातलं काहीही नाही. ताटात वाढताना त्याची सुबक फोडही निघत नाही. चमच्याने उपसून वाटीत घ्यायचं आणि खायचं.

वरचा थर बहुतेक वेळा 'बिस्किट'चा असतो. इथे आपला पहिला गोंधळ होतो. अमेरिकेतलं बिस्किट म्हणजे आपण चहात बुडवतो ते नव्हे. बेकिंग पावडरवर फुगवलेला, बाहेरून खरपूस आणि आतून मऊ असा तो छोटा पाव असतो, इंग्रजांच्या स्कोनच्या जवळचा. यीस्ट नाही, पीठ मळणं नाही. कॉबलरसाठी त्याच पिठाचे गोळे फळांवर चमच्याने टाकतात.

नावाबद्दल दोन मतं आहेत. इंग्रजीत कॉबलर म्हणजे चपला-बूट दुरुस्त करणारा, आणि ओबडधोबड जोडून केलेल्या कामालाही त्याच कुळातला शब्द वापरतात. वरचे गोळे रस्त्यावरच्या गोट्यांसारखे दिसतात म्हणून हे नाव पडलं, असं काही जण म्हणतात. दुसरे म्हणतात, लाकडी वाडग्यासाठी असलेल्या एका जुन्या इंग्रजी शब्दावरून ते आलं. कोशकारांनी अजून कोणाच्याही बाजूने निकाल दिलेला नाही.

छापील नोंद मात्र पक्की आहे. जॉन रसेल बार्टलेट यांच्या अमेरिकन शब्दांच्या कोशाच्या १८५९ च्या आवृत्तीत हा पदार्थ सापडतो. गंमत म्हणजे तिथलं वर्णन आजच्या कॉबलरशी जुळत नाही. भांड्याला आतून जाड कणकेचा थर लावून त्यात फळ भरायचं, असा तो पाय होता आणि सफरचंद किंवा पीच यावरून त्याचं नाव ठरायचं. कोशात त्याला 'पश्चिमेकडचा' म्हटलंय. खालचा थर गळून पडला आणि वरचा फुगीर झाला, तो नंतर. त्यामागे बेकिंग पावडरचाही मोठा हात असणार. एबेन हॉर्सफर्ड या रसायनशास्त्रज्ञाने खाण्याच्या सोड्याबरोबर वापरायच्या फॉस्फेट आम्लाचं पेटंट घेतलं ते १८५६ मध्ये. त्यानंतर हळूहळू डब्यातली तयार पावडर घरोघरी पोहोचली आणि यीस्टची वाट न बघता पीठ फुगवणं सोपं झालं.

ओव्हन नव्हता, निखारे होते

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बैलगाड्यांतून पश्चिमेकडे निघालेल्या अमेरिकन कुटुंबांकडे ओव्हन कुठला? त्यांच्याकडे असायचं ओतीव लोखंडाचं जाड भांडं, ज्याला ते 'डच ओव्हन' म्हणतात. त्याला खाली तीन पाय, म्हणजे निखाऱ्यांवर ते थेट उभं राहील. झाकण सपाट आणि कडेला उभी पट्टी, म्हणजे झाकणावर निखारे रचले तरी ते घसरणार नाहीत. वाळवलेली सफरचंदं किंवा वाटेत मिळतील ती फळं आत, वर कणीक, खाली-वर निखारे. कॉबलर तयार. टेक्सास आणि युटा या दोन राज्यांनी तर पुढे डच ओव्हनला आपलं अधिकृत राज्यभांडं म्हणून जाहीर केलं.

कोकणातल्या वाचकांना यात काही नवं वाटणार नाही. काकडीचं धोंडस किंवा तवसोळी जुन्या पद्धतीने करताना पातेलं मंद निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही निखारे ठेवतात. गोव्याच्या बेबिंकाचा एकेक थर वरून मिळणाऱ्या निखाऱ्यांच्या आचेवरच भाजायचा. पदार्थांचा एकमेकांशी संबंध नाही, पण अडचण एकच होती आणि उत्तरही एकच निघालं: खालून शिजव, वरून भाज. हे 'खालून आणि वरून' लक्षात ठेवा, कारण आपल्या कच्च्या गोळ्याचं गुपित यातच आहे.

आणि पीचच का?

कॉबलर ब्लॅकबेरीचं होतं, चेरीचं होतं, सफरचंदाचं होतं. तरी नाव काढलं की आठवतं ते पीच, आणि पीच म्हटलं की जॉर्जिया. हे फळ मुळात चीनचं. युरोपात ते इराणमार्गे पोहोचलं म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात 'पर्सिका' राहिलं. अमेरिकेत ते सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलं आणि तिथल्या मूळ रहिवाशांनी त्याच्या बिया दूरवर पसरवल्या.

जॉर्जियाचं नाव झालं ते सॅम्युएल रम्फ यांच्यामुळे. मार्शलविल गावच्या या बागायतदाराने १८७० च्या दशकात एक टणक, पिवळ्या गराची जात तयार केली आणि तिला बायकोचं नाव दिलं, एल्बर्टा. बर्फ घातलेल्या पेट्यांतून ती रेल्वेने उत्तरेच्या शहरांपर्यंत न सडता पोहोचू लागली. आज पीचच्या उत्पादनात कॅलिफोर्निया पहिला आणि साउथ कॅरोलायनाही जॉर्जियाच्या पुढे आहे, पण गाड्यांच्या नंबरप्लेटवर पीच मिरवतं ते जॉर्जियाच.

पीच कॉबलरला आज दक्षिणेचा आत्मा वगैरे म्हटलं जातं. तो आत्मा ज्यांच्या हातांनी घडला त्यात कृष्णवर्णीय स्वयंपाकिणींचा वाटा फार मोठा आहे. आधी गुलाम म्हणून, नंतर पगारी आचारी म्हणून, त्यांनीच ही स्वयंपाकघरं चालवली. त्यांचं नाव मात्र फारच थोड्या पुस्तकांवर आलं. ॲबी फिशर यांचं १८८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत छापलेलं दक्षिणी पाककृतींचं पुस्तक हा त्यातला एक ठळक अपवाद. साउथ कॅरोलायनात गुलामगिरीत जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी पाककृती तोंडी सांगितल्या आणि दुसऱ्यांनी त्या उतरवल्या. आजही चर्चमधलं जेवण, कुटुंबाचा मेळावा, रविवारची पंगत अशा ठिकाणी मोठ्या ट्रेमधून कॉबलर येतंच.

पीचच्या झाडाला मात्र एक खोड आहे. हिवाळ्यात त्याला ठराविक तास थंडी लागतेच. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खालचे हे तास जातीनुसार काही शे ते हजाराच्या आसपास असतात. तेवढी थंडी मिळाली नाही तर झाड नीट फुलत नाही. आणि थंडी लवकर संपून फुलं आली, मग परत गारठा पडला, तर ती जळतात. २०२३ मध्ये जॉर्जियात हेच झालं. हिवाळा उबदार गेला, फुलं लवकर आली, मार्चमध्ये कडाक्याची थंडी पडली आणि ९० टक्क्यांहून अधिक पीक गेलं. त्या उन्हाळ्यात जॉर्जियातल्या अनेक घरांत कॉबलर झालं ते कॅलिफोर्नियाच्या पीचचं.

आपल्याकडे पीच महाराष्ट्रात का होत नाही, याचंही उत्तर हेच. एवढी लांब थंडी इथे पडत नाही. आपल्या बाजारात मे ते जुलैमध्ये दिसणारे पीच हिमाचल, उत्तराखंडचे किंवा कमी थंडीवर येणाऱ्या पंजाबातल्या जातीचे असतात. ते लांबून येतात, म्हणून टणक असतानाच तोडलेले असतात. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

आता मूळ प्रश्न: गोळा कच्चा का राहतो?

वरणफळं आठवा. वरणाला रटरट उकळी आली की मगच आपण कणकेचे तुकडे त्यात सोडतो. गार वरणात सोडले तर काय होईल? वरण तापेपर्यंत कणीक पाणी पीत बसेल, तुकडे एकमेकांना चिकटतील आणि शेवटी लगदा होईल.

कॉबलरमध्ये आपण नेमकी हीच चूक करतो. गार फळांवर पिठाचे गोळे ठेवतो आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवतो. पीचमध्ये जवळपास ९० टक्के पाणी असतं. किलोभर पाणीदार फळ तापायला वेळ लागतो. पिठाचा वरचा भाग मात्र थेट गरम हवेत असतो, तो पंधरा-वीस मिनिटांत रंग धरतो. खालचा भाग तोवर कोमट रसात बसलेला. तो रस शोषतो, जड होतो, आणि बेकिंग पावडरचा जोर त्या ओल्या भागाला फुगवण्याआधीच संपतो. अखेर फळ उकळायला लागतं तेव्हा वरचा थर तांबूस झालेला असतो आणि आपण 'झालं' म्हणून भांडं बाहेर काढतो.

उपाय एका वाक्यात सांगता येतो: आधी फळ उकळू द्या, मग पीठ टाका. फळांचं भांडं एकटंच ओव्हनमध्ये ठेवायचं, कडेने रस खदखदायला लागला की बाहेर काढायचं, त्या उकळत्या फळांवर गोळे टाकायचे आणि परत आत. आता खालून उकळता रस, वरून गरम हवा. डच ओव्हनच्या खालच्या आणि वरच्या निखाऱ्यांचं काम झालं.

दुसरी गोष्ट वाफेची. फळांतून वाफ सतत वर येते. सगळं भांडं पिठाने लिंपून टाकलं तर ती कोंडते आणि खालून पिठाला ओलं करत राहते. म्हणून गोळ्यांमध्ये बोटभर फट ठेवायची. त्या फटींतून वाफ निघून जाते आणि रसही आटतो. ओबडधोबड दिसणं हा इथे आळस नाही, ती गरज आहे.

आणि तळाशी साचणारं पाणी? त्याचं कारण बहुतेक वेळा कॉर्नफ्लोअर अर्धवट शिजणं हे असतं. पिठलं जसं नुसतं गरम करून आळत नाही, त्याला दणकून उकळी यावी लागते, तसंच हे. कॉर्नफ्लोअरला पूर्ण घट्ट व्हायला ९० अंशांच्या पुढे जावं लागतं. त्यामुळे घड्याळाकडे बघू नका, भांड्याच्या मध्यभागी बघा. कडेला पातळ, भरभर फुटणारे बुडबुडे दिसतात तेव्हा अजून वेळ आहे. मध्यावरही जाड, संथ, फुटायला वेळ घेणारे बुडबुडे आले की रस घट्ट झाला.

चला, करू या

आठ इंची चौकोनी किंवा तेवढ्याच मापाच्या काचेच्या, चिनी मातीच्या भांड्याचा अंदाज देतो. यात पाच-सहा जणांचं भागतं.

पीच साधारण एक किलो घ्या. विकत घेताना लाल गालांवर भाळू नका, तो लालपणा जातीचा असतो, पिकण्याचा नाही. लालीच्या मागचा रंग बघा. हिरवट असेल तर कच्चं, पिवळं झालं असेल तर तयार. देठाजवळ वास यायला हवा. टणक असतील तर कागदी पिशवीत घालून दोन-तीन दिवस ओट्यावरच ठेवा. कच्चे पीच फ्रिजमध्ये ठेवले की गर रवाळ, कोरडा होतो आणि मग ते काही केल्या रसाळ होत नाहीत. इतक्या लांबून आलेली फळं वाया घालवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

साल काढायची असेल तर बुडाला चाकूने फुलीसारखी चीर देऊन अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात सोडा आणि लगेच गार पाण्यात टाका. पिकलेल्या फळाची साल हाताने सुटते. मी स्वतः बऱ्याचदा सालासकटच करतो. रंग छान येतो आणि कोणी तक्रार केलेली नाही. जाड फोडी करा, पातळ कापल्या तर त्यांचा जॅम होईल.

फोडींवर पाऊण वाटी साखर (साधारण १०० ग्रॅम) आणि चिमूटभर मीठ घालून अर्धा तास ठेवा. कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं तसं इथे साखरेमुळे सुटतं. हा रस गाळून बाजूला काढा. त्यातला पाव कप ठेवा, उरलेला थंड पाणी आणि बर्फ घालून पिऊन टाका, सरबत उत्तम होतं. ठेवलेल्या रसात दीड टेबलस्पून कॉर्नफ्लोअर कालवा, एका लिंबाचा निम्मा रस घाला आणि फोडींना लावा. लिंबू यापेक्षा जास्त नको, आंबटपणा वाढला की कॉर्नफ्लोअरची पकड सैल होते.

अमेरिकेत यावर दालचिनी भुरभुरतात किंवा जायफळ किसतात. जायफळाबाबत आपल्याला शिकवणीची गरज नाही. पुरणपोळी-श्रीखंडाला घालता त्याच हाताने थोडं किसा. दालचिनी मी पीचला घालत नाही, सफरचंदाला घालतो. पीचचा वास नाजूक असतो, दालचिनीपुढे तो गप्प होतो.

ओव्हन २०० अंशांवर तापवून फळांचं भांडं आत ठेवा. रस खदखदायला १५ ते २० मिनिटं लागतील. तेवढ्यात वरचं पीठ.

मैदा १५० ग्रॅम, साखर दोन टेबलस्पून, बेकिंग पावडर दीड टीस्पून, खाण्याचा सोडा पाव टीस्पून. बटर बिनमिठाचं असेल तर पाव टीस्पून मीठ, खारं असेल तर मीठ नको. हे चाळून त्यात ६० ग्रॅम फ्रिजमधून काढलेलं कडक बटर बारीक तुकडे करून घाला आणि बोटांच्या टोकांनी भराभर चोळा. शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसं, पण इथे बटर वितळता कामा नये. वाटाण्याएवढे तुकडे राहिले तर चांगलंच. भट्टीत ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तिथे पोकळी तयार होते. सगळा हलकेपणा त्या पोकळ्यांतून येतो.

अमेरिकन पाककृतीत इथे 'बटरमिल्क' लिहिलेलं असतं आणि आपण सरळ ताक ओततो. फसगत होते. त्यांचं दुकानातलं बटरमिल्क दाट, आंबट, जवळजवळ पातळ दह्यासारखं असतं. आपल्या ताकाने पीठ सैल होऊन फळांत बुडतं. त्याऐवजी १०० ग्रॅम आंबटसर दही दोन-तीन टेबलस्पून दुधात फेटून घ्या. ते पिठात ओतून चमच्याने जेमतेम एकत्र करा. कुठे कोरडं पीठ दिसलं तरी चालेल. मळू नका, मळलं की चिवट होतं. हे मिश्रण आधी करूनही ठेवू नका, कारण दही आणि सोडा भेटल्याक्षणी बुडबुडे सुरू होतात. बेकिंग पावडरचा डबा वर्षभर पडून असेल तर आधी चमचाभर पावडरवर गरम पाणी ओतून पाहा. फसफसली नाही तर नवी आणा.

उकळत्या फळांवर आठ-नऊ गोळे टाका, मध्ये फटी ठेवा, वर थोडी साखर भुरभुरा. परत २०० अंशांवर २० ते २५ मिनिटं. झालं की नाही हे पाहायला मधला एक गोळा चमच्याने उचलून त्याचं पोट बघा. पावासारखं जाळीदार दिसायला हवं. बुळबुळीत असेल तर आणखी पाच मिनिटं.

मग सगळ्यात अवघड काम: अर्धा तास हात न लावणं. गरमागरम वाढलं तर रस पातळच वाटेल, निवताना तो आळतो. जीभही वाचते.

ओटीजी असेल तर

छोट्या ओटीजीत वरचा रॉड भांड्याच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे पीठ दहा मिनिटांत काळपटायला लागतं. भांडं खालच्या खाचेत ठेवा, दोन्ही रॉड चालू ठेवा आणि रंग लवकर आला तर वर फॉइल नुसती ठेवा, घट्ट गुंडाळू नका. मायक्रोवेव्हच्या साध्या मोडवर कॉबलर होत नाही, फळ शिजेल पण पीठ रबरी होईल आणि रंग येणार नाही. कन्व्हेक्शन मोड असेल तर चालेल, तापमान दहा-पंधरा अंश कमी ठेवा. ओव्हनमध्ये फळ उकळायला फार वेळ लागत असेल तर ते कढईत उकळून भांड्यात ओतलं तरी काही बिघडत नाही.

हे सगळं फारच वाटत असेल, तर दक्षिणेतच एक दुसरी, सोपी पद्धत आहे. भांड्यात शंभर-सव्वाशे ग्रॅम बटर वितळवायचं. एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध आणि दीड टीस्पून बेकिंग पावडर कालवून ते पातळ पीठ बटरवर ओतायचं. त्यावर फळ पसरायचं, ढवळायचं नाही, आणि १८० अंशांवर पाऊण तास भाजायचं. पीठ फुगत फुगत फळांच्या मधून वर येतं आणि फळ खाली जातं. इथे पीठ तळाशी, तापलेल्या भांड्याला आणि बटरला लागून असल्यामुळे खालून कच्चं राहण्याची भीती कमी. 'स्टील मॅग्नोलियाज' या १९८९ च्या चित्रपटात डॉली पार्टनने रंगवलेली पार्लरवाली अशीच कप-कप-कप मापाची पाककृती सांगते, फक्त तिचं फळ डब्यातलं असतं. चवीला ही कृती केकच्या जवळ जाते आणि बरीच गोड असते. मला बिस्किटवालं जास्त आवडतं, पण पहिल्यांदाच करणाऱ्याने इथून सुरुवात करावी.

पीच नसेल तर आपली कोणती फळं?

सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे पीचच्याच सुमारास येणारे आलुबुखारे. आंबट, गर घट्ट, शिजल्यावर रंग सुरेख. साखर थोडी वाढवा, बाकी काही बदलायला नको. सफरचंद वर्षभर मिळतं, मात्र त्याला उकळायला जास्त वेळ द्या.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बघून हात शिवशिवतात, पण एकट्या स्ट्रॉबेरीचं कॉबलर बेचव आणि पाणीदार होतं. फोडी विरघळून जातात. निम्मं सफरचंद मिसळा आणि कॉर्नफ्लोअर अर्धा चमचा वाढवा, मग जमतं.

हापूसच्या वाटेला जाऊ नका. तो कच्चाच खायचा, भट्टीत त्याचा वासही जातो आणि आकारही. आंब्याचंच करायचं असेल तर जेमतेम पिकलेला, घट्ट तोतापुरी घ्या.

जांभळाचं कॉबलर चवीला झकास होतं, बिया काढायचा धीर असेल तर. त्यात एक गंमत दिसेल: पिठाचा जो भाग रसाला टेकतो तो कधी कधी निळसर-हिरवट होतो. घाबरू नका, बुरशी नाही. हळदीचा डाग साबण लागल्यावर लाल होतो ना, तसाच प्रकार. जांभळातलं रंगद्रव्य आंबट रसात जांभळं-लाल असतं आणि सोड्याशी गाठ पडली की निळं व्हायला लागतं. अमेरिकेत ब्लूबेरीच्या बाबतीत हेच होतं. नको असेल तर सोडा वगळा आणि बेकिंग पावडर अर्धा चमचा वाढवा.

डब्यातले पीच आधीच शिजलेले आणि पाकात मुरलेले असतात. पाक पूर्ण निथळून टाका, साखर अगदी नावाला घाला आणि लिंबू विसरू नका. अमेरिकेत १३ एप्रिल हा 'पीच कॉबलर दिन' म्हणून मिरवला जातो, तेव्हा जॉर्जियातल्या झाडांवर फळ पिकलेलंही नसतं. त्यामुळे डबा फोडलात म्हणून फार अपराधी वाटून घेऊ नका.

उरलंच तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस टिकतं. गरम करताना मायक्रोवेव्ह टाळा, वरचा थर ओलसर होतो. ओटीजीत १६० अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवलं की कवच परत कुरकुरीत होतं, आणि सकाळच्या चहाबरोबर ते आइस्क्रीमशिवायही छान लागतं.